मंडईच्या अलीकडची वाट

शहरातील जुन्या बाजारपेठा जाणकार वाटाड्याच्या मागोमाग पायी हिंडून पाहण्याची जी प्रथा अलीकडे आपल्याकडे रूढ झाली आहे, तिच्याविषयी प्रथम कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. ज्या पुण्यात वाडे पडून त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्याचे दुःख दोन पिढ्या केवळ बोलून दाखवीत आल्या, त्याच पुण्यातील तरुण माणसे सुटीच्या सकाळी शनिवारवाड्यापाशी जमतात, कसब्याच्या बोळांतून तांबट आळीचे ठोके ऐकत पुढे सरकतात, मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली माना वर करून उभी राहतात आणि तुळशीबागेच्या राममंदिराशी येऊन थांबतात, ही आपल्या नागर जीवनातील एक शुभ घटना आहे असे मी मानतो. ज्या गल्लीत आपण केवळ खरेदीसाठी जातो ती गल्ली कोणी वसविली, कोणत्या हेतूने वसविली, हे जाणून घ्यावेसे वाटणे हे संस्कृतीच्या जागेपणाचे लक्षण आहे.

अशा एका फेरीत मीही सामील झालो होतो. मार्गदर्शक तरुणी अभ्यासू होती. पेशवाईत नवी पेठ वसवावयाची म्हणजे प्रथम कौल दिला जाई, बाहेरगावच्या उदम्यांना काही वर्षे करांची माफी मिळे, पेठेवर शेटे आणि महाजन नेमले जात, आणि वजनमापे, भाव, रस्ते व तंटेबखेडे यांवर कोतवालाची नजर असे, हे तिने फार नेटकेपणाने सांगितले. तुळशीबागेतील राममंदिराचे काम नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी 1761 मध्ये सुरू केले आणि आधी मंदिर व मग त्याच्या आश्रयाने बाजार असा क्रम तेथे कसा घडला, हेही तिच्या तोंडून ऐकताना आनंद झाला. तिच्या माहितीत मला उणे काढावयाचे नाही. मला जे सांगावयाचे आहे ते त्या माहितीच्या दिशेविषयी आहे.

मी कळंबचा. पुणे-नाशिक रस्त्यावर, मंचर आणि नारायणगाव यांच्या मध्ये, घोड नदीच्या काठी आमचे गाव आहे. मंडईचे नाव आमच्या घरांतून लहानपणापासून ऐकू येई, परंतु ते एखाद्या वास्तूचे नाव म्हणून नव्हे. माल कोठे न्यावयाचा, काय भाव फुटला, विक्रीच्या हिशेबाची पट्टी किती आली, या प्रश्नांच्या उत्तरात ते नाव येई. जुनी माणसे बैलगाडीच्या काळातील हकीकती सांगत: रातोरात करावयाची वाटचाल, खेडजवळचा मुक्काम, चाकणपुढे गाड्यांची लागलेली रांग. त्या मनोऱ्याची शैली गॉथिक आहे हे त्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. पण तराजूचा पासंग कोणत्या बाजूला आहे हे त्यांना दुरून ओळखता येई. फेरीत ऐकलेला इतिहास आणि घरी ऐकलेला इतिहास एकाच जागेचा असूनही त्यांची कोठे भेट होत नव्हती, कारण पहिला इतिहास बाजारात बसणाऱ्याचा व बाजार बसविणाऱ्याचा होता आणि दुसरा बाजारात येऊन त्याच दिवशी परत जाणाऱ्याचा.

बाजार हा मुळात येणाऱ्याचा असतो. छप्पर, ओटे, मनोरा, मंदिर, दुकानांच्या ओळी ही सारी सामग्री नंतरची. आधी कोणी तरी दुरून ओझे घेऊन यावे लागते. आणि हा येणारा माणूस परका असतो, म्हणून त्याच्यासाठी वजनांना छाप हवा, भावाला साक्षीदार हवा, तंट्याला न्याय हवा. पेशवेकालीन व्यवस्थेत शेटे-महाजन होते ते याचसाठी. परंतु त्यांची वतने ज्या उत्पन्नावर चालत त्यात बाजारी आलेल्या मालातून पसा-मूठ उचलण्याचे शेव-फसक्यांसारखे हक्कही होते. संरक्षण आणि आकारणी हे दोन्ही व्यवहार एकाच हाताने होत असत. पेशवे दफ्तरातील जकातीचे आणि कोतवालीचे हिशेब चाळणाऱ्या अभ्यासकाला शहराची भरभराट दिसते. त्याच आकड्यांत गाडीवानाच्या टोपलीतून काय काय कमी होत गेले हेही वाचता येते. फेरीतील कथनात ही दुसरी बाजू यावी अशी माझी अपेक्षा आहे.

या दृष्टीने मंडईची कथाच सर्वांत बोलकी आहे. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील मोकळ्या पटांगणात भरत असे. तो हलवून त्यासाठी स्वतंत्र भव्य इमारत बांधण्याचे नगरपालिकेने ठरविले, वासुदेव बापूजी कानिटकर यांनी ती बांधली, आणि 1886 मध्ये मुंबईच्या गव्हर्नराच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून ती सुरू झाली. या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणारे सभासद होते जोतीराव फुले. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा तो शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. हा प्रसंग मार्गदर्शकांच्या तोंडी बहुधा एक विस्मयकारक योगायोग म्हणून येतो आणि श्रोते हसून पुढे निघतात. तेथे खरे म्हणजे बराच वेळ उभे राहिले पाहिजे.

जोतीराव हे शेतीबागायतीशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या घरातले. फुलांचा धंदा त्यांच्या कुळाचा, आणि मांजरीस त्यांची स्वतःची शेती होती. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ त्यांनी 1883 साली लिहून पूर्ण केला, म्हणजे मंडई सुरू होण्याच्या तीनच वर्षे आधी. शेतकऱ्याच्या नाडणुकीची जी साखळी त्यांनी तेथे उलगडून दाखविली आहे तिच्यात सावकार, कुलकर्णी व सरकारी अंमलदार यांच्याबरोबर शहराच्या वेशीवरची जकातही आहे. भाजी विकणाऱ्याला ऊन-पावसापासून निवारा नको असे त्यांच्यासारखा माणूस कधीच म्हणणार नाही. त्यांचा प्रश्न असा होता की, ज्याच्या घामावर हा बाजार उभा आहे त्याच्या मुलाला अक्षर ओळखता येत नसेल, आपल्या हिशेबाचा कागद वाचता येत नसेल, तर त्याच्या डोक्यावर बांधलेला मनोरा त्याच्या काय उपयोगाचा? मंडईला त्यांचे नाव देणे हा योग्य सन्मान होता. पण त्या नावाखाली उभे राहून त्यांचा प्रश्न न उच्चारणे हे मला पटत नाही.

त्याच 1886 साली वऱ्हाडात कारंजा येथे, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमान्वये, कापसाचा नियमित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातील नियंत्रित बाजारांचा आरंभ तेथून मानला जातो. त्यामागील प्रेरणा शेतकऱ्याच्या कळवळ्याची नव्हती, विलायतेतील गिरण्यांना निर्भेळ कापूस वाजवी दराने मिळावा एवढीच होती. तथापि बाजाराची इमारत नव्हे तर बाजारातील रीत हीच सरकारने हात घालण्याची जागा आहे, हा विचार त्यातून पुढे आला. 1928 च्या शेती आयोगाने त्याचा पुरस्कार केला आणि आपल्या राज्यात 1963 च्या कृषि उत्पन्न पणन अधिनियमाने तो सर्वत्र पसरला. उपरण्याखाली बोटे धरून गुपचूप सौदा करण्याची, जिला जुने लोक करपल्लवी म्हणत, ती रीत या कायद्याने निषिद्ध ठरली आणि उघड लिलाव आला. एका वर्षी पुण्यात दगडांचा बाजार उभा राहिला आणि कारंज्यात नियमांचा. पर्यटकाला दगड दाखविता येतात, नियम दाखविता येत नाहीत, म्हणून फेऱ्या पुण्यात निघतात. पण आमच्या कळंबच्या माणसाच्या आयुष्यात जो फरक पडला तो दुसऱ्या बाजाराने.

तो पुरेसा पडला असे मात्र नव्हे. मंचरला किंवा नारायणगावच्या उपबाजारात संध्याकाळी कोथिंबीर-मेथीचे लिलाव पाहावेत. जुडीचा भाव शेकड्यावर बोलला जातो, इतर तरकारीचा दहा किलोवर, टोमॅटोचा क्रेटवर. आणि काही क्षणांत, एखाद्या मालाच्या बाबतीत तर एका आवाजात, कित्येक आठवड्यांच्या श्रमाची किंमत ठरून जाते. त्यानंतर हाती येते ती पट्टी. मला तो कागद कोणत्याही शिलालेखाइतका वाचनीय वाटतो. वर एकूण रक्कम, खाली हमाली, तोलाई, वाराई, भाडे आणि आधी घेतलेली उचल, आणि शेवटी उरलेला आकडा. अनेक वर्षे आडतही शेतकऱ्याच्याच रकमेतून कापली जात असे. 2016 मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियंत्रणाबाहेर आणताना शासनाने तिचा भार खरेदीदारावर टाकला. हा बदल मोठा होता, पण त्याच्या स्मरणार्थ कोठे फलक लागलेला नाही.

मंडईत फिरताना एक लहानशी गोष्ट घडली. आमचा सारा घोळका एका भाजीवाल्या बाईंच्या गाळ्यापुढे उभा राहून वर छताकडे पाहत होता, काही जण फोटो घेत होते. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, “ताई, घ्यायचं नसंल तर वाईच बाजूला होऊन सांगा की. मागं गिऱ्हाईक थांबलंय.” मार्गदर्शक तरुणीने लगेच क्षमा मागितली आणि आम्ही बाजूला सरलो. त्या बाईंच्या बोलण्यात राग नव्हता. होती ती एक अचूक विभागणी. बाजारात माणसाला काही स्थान असावयाचे तर त्याला देणे असावे लागते किंवा घेणे. केवळ पाहणाऱ्याला तेथे जागा नाही, त्याने ती मागून घ्यावी लागते. म्हणून अशा फेरीत प्रत्येकाने निदान पावशेर काही तरी घासाघीस करून विकत घ्यावे, आणि ते कोणत्या गावाहून आले हे विचारावे. उत्तरात पुरंदर, खेड, आंबेगाव, जुन्नर अशी तालुक्यांची नावे येतील आणि शहराचा नकाशा पेठांच्या हद्दी ओलांडून एकदम विस्तारेल.

तसा तो विस्तारला की जुन्नर टाळताच येत नाही. आमच्या वायव्येला, नाणेघाटाच्या माथ्यावर, सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे आणि घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण आहे, ज्यात जकात जमा होई असे परंपरा सांगते. कोकणातील बंदरांवरून चढणारा माल याच वाटेने देशावर येई. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतील लेखांत राजांपेक्षा व्यापारी व कारागीर अधिक भेटतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख तेथे आहे; बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी कायम ठेव ठेवल्याचा लेख आहे; यवन दात्यांची नावे आहेत; कल्याणहून आलेल्या सोनाराचे नाव आहे. सुमारे 2000 वर्षांपूर्वी एखादा श्रद्धावान माणूस आपले पैसे बुरुडांच्या संघाकडे ठेवतो आणि आपल्या मागेही त्याचे व्याज भिक्षूंना मिळत राहील असा भरवसा बाळगतो, या एका गोष्टीत जुन्या बाजाराची नीती मला जितकी दिसते तितकी कोणत्याही वास्तूत दिसत नाही. ठेव कोणा धनाढ्याकडे ठेवलेली नाही, हाताने काम करणाऱ्यांच्या संघाकडे ठेवलेली आहे.

आणि असेच धंदे पुण्यात पुन्हा आळ्यांच्या रूपाने भेटतात: बुरूड आळी, तांबट आळी, कागदीपुरा. जुन्नरचा कागद तर मराठेशाहीत सर्वत्र नावाजलेला होता. मार्गदर्शक तांबटांच्या हातोडीचे कौतुक करतात, ते यथार्थच आहे. पण त्या कारागिरांपाशी ठेव ठेवावी इतकी पत त्यांच्या संघाला आज का नाही, हा प्रश्न त्या आळीत विचारण्याजोगा आहे. पुण्याच्या हमालांनी डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायत उभारली आणि 1969 मध्ये राज्यात माथाडी कामगारांसाठी कायदा झाला, ही घटना त्या जुन्या श्रेणींच्या कुळातलीच मानली पाहिजे. बाजार दाखविणाऱ्या कोणत्याही फेरीत तिचा उल्लेख नसणे ही फार मोठी उणीव होय.

आमच्याकडच्या बाजारांतही दाखविण्याजोगे पुष्कळ आहे. पश्चिमेकडच्या डोंगरांतून महादेव कोळी कुटुंबे वाळवलेला हिरडा घोडेगाव-जुन्नरकडे विकावयास आणतात. त्यांच्या वर्षाच्या रोख उत्पन्नात त्या फळाचे स्थान मोठे आहे आणि त्याच्या भावाचा प्रश्न मंत्रालयापर्यंत जातो. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन यात्रेसाठी फड ठरवितात. कलेचाही बाजार भरू शकतो आणि त्यात दोन्ही पक्षांची प्रतिष्ठा राहू शकते, हे तेथे दिसते. शहरातील माणूस हे पाहावयास आला तर त्याचे स्वागतच होईल. मात्र त्याने पाहुण्यासारखे यावे, लिलाव चालू असताना मध्ये उभे राहू नये.

माझी सूचना साधी आहे. पुण्यातील बाजारांची जी फेरी सकाळी शनिवारवाड्यापाशी सुरू होते ती आदल्या संध्याकाळी कळंब किंवा मंचर येथे सुरू व्हावी. शेतात जुड्या बांधल्या जात असताना दोन तास तेथे बसावे, रात्री टेम्पोमागून पुण्यास यावे, पहाटेपूर्वी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल उतरताना आणि विकला जाताना पाहावा, हमालांबरोबर चहा घ्यावा, आणि मग उजाडल्यावर मंडईत जावे. जुडी शेतात काय भावाने गेली, यार्डात काय भावाने, आणि गाळ्यावर काय भावाने, हे तीन आकडे प्रत्येकाने आपल्या वहीत लिहून घ्यावेत. मार्गदर्शकाने त्या वेळी मनोऱ्याचा इतिहास अवश्य सांगावा, जोतीरावांचा विरोध सांगावा, आणि मालधन्याची परवानगी घेऊन त्या दिवसाची एक पट्टी वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचून दाखवावी.