सात बियांची चोरी

एकादशीला भात वर्ज्य, परंतु कॉफी चालते. स्मृतिकारांच्या काळी ती या देशात नव्हतीच; तेव्हा ही सवलत आमच्या जिभेनेच दिलेली असणार. उपवासाला जे घ्यावयाचे ते शुद्ध असावे, असे आपण मानतो. मग कॉफी येथे आली ती शुद्ध मार्गाने आली काय, हे विचारणे अस्थानी होणार नाही.

परंपरा अशी की, सतराव्या शतकात हजहून परतणाऱ्या बाबा बुडन या साधुपुरुषाने येमेनमधील मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या चंद्रद्रोण पर्वतावर पेरल्या. इतरत्र रुजू नये म्हणून अरब व्यापारी बी उकडून वा भाजूनच बाहेर धाडीत. म्हणजे मालकाची इच्छा नसता वस्तू नेली. अस्तेयव्रत मानणाऱ्यास ही चोरीच म्हणावी लागेल. तरी त्या डोंगरास आज बाबांचेच नाव आहे. तेथील गुहेस हिंदू दत्तात्रेयाचे पीठ मानतात, मुसलमान बाबांचा दर्गा.

सात बिया गेल्याने येमेनमधले एक झाडही उणे झाले नाही, असे बाबांचे कैवारी म्हणतील. हा युक्तिवाद आम्हांस अर्धाच पटतो. इतर देशांत कॉफी पिकू लागली तसतसे मोखाचे वैभव ओसरले. त्याची झळ डोंगरउतारावर ताली बांधून कॉफी पिकविणाऱ्या शेतकऱ्यासही लागली असलीच पाहिजे.

परंतु याहून मोठी चोरी पुढे झाली, आणि तिला फार थोड्यांनी चोरी म्हटले. सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांनी मलबारातून रोपे जावा बेटावर नेली. तेथे १८३० पासून सरकारने निर्यातीच्या पिकांची सक्ती केली. कॉफी पिकवावयाची शेतकऱ्याने, भाव ठरवावयाचा सरकारने. १८६० साली एका माजी डच अधिकाऱ्याने मुल्तातुली या टोपणनावाने ‘माक्स हावेलार’ ही कादंबरी लिहून हा जुलूम चव्हाट्यावर आणला. फ्रेंचांच्या सँ-दोमिंग वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, १७९१ च्या उठावापूर्वी जगातली सुमारे निम्मी कॉफी पिके. ती तोडणारे हात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे होते. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ पर्यंत चालली. या साऱ्या व्यवहारांचे हिशेब मात्र वहीखात्यांत चोख मांडलेले असत.

बाबांनी बिया विकल्या असे परंपरा सांगत नाही, पेरल्या असे सांगते. म्हणून त्यांस दोष देण्यास आम्ही कचरतो. ही मोकळीक आपणांसही मिळावी, असे मात्र आम्हांस वाटत नाही. आपण कॉफी रोख पैसे मोजून घेतो, आणि मळ्यातल्या मजुराच्या पदरी त्यातले किती पडते हे कधी विचारीत नाही.