पावाविना बोंडा

बोदलकसा म्हटलं की तिरोडा तालुक्यातला टेकड्यांमधला तो तलाव, हिवाळ्यातले पाहुणे पक्षी, शेजारचं नागझिऱ्याचं जंगल आठवतं. मला मात्र आधी आठवतो इकडच्या टपऱ्यांवरचा आलूबोंडा.

दादरला 1966च्या सुमारास वड्याला पाव भेटला. 1996 साली मॅकडोनाल्ड्स भारतात आलं, आणि पुढे त्यांनाही बर्गरमध्ये आपल्या बटाट्याची टिक्की घालावीच लागली. आमचा मुलूख मात्र धानाचा. इथं बोंड्याचं पावावाचून कधी अडलं नाही. प्लेटमध्ये तो फोडायचा, वरून झणझणीत तर्री, चिमूटभर कांदा, झालं!

पण खायचा तो दोस्तांसोबत. एक म्हणतो, तर्री पानचट आहे. दुसरा घाम पुसत आणखी मागतो. नवी टपरी असेल तर अर्धा तास वादच चालतो. एकटा माणूस मुकाट्यानं खातो, पैसे देतो, उठतो. चव ठरवायला भांडणारं कुणीतरी लागतंच. एवढं भांडूनही शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. ‘तू घे, तू घे’ चालू राहतं. शेवटी टपरीवालाच वैतागून त्यावर आणखी एक पळी तर्री ओततो.