दया नव्हे, न्याय

बाळंतपणाच्या रजेला आपण उपकार मानत नाही. १९६१ च्या कायद्याने तो हक्क दिला; २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली. पण पंचेचाळिशीच्या पुढेमागे पाळी जाऊ लागते, एकाएकी अंगाची लाही होते, झोप उडते, साधी नावे आठवत नाहीत. तेव्हा कामावर आपण काय म्हणतो? 'हल्ली बाईंची चिडचिड वाढली आहे!'

सर्वांना एकच नियम म्हणजे न्याय, असे आपण समजतो. ऊसतोडीत खाडा झाला की दंड, हा नियमही बाईला आणि पुरुषाला सारखाच. २०१९ साली बीड जिल्ह्यातील पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा नको, हेही त्यामागचे एक कारण होते. अशा वेळी अंडाशयही काढले, तर रजोनिवृत्ती तिशीतच गाठते. नियम पाळण्यासाठी शरीर कापावे लागत असेल, तर त्याला न्याय कसा म्हणावा?

पंख्याजवळची जागा, घटकाभर विसावा, संकोच न करता बोलता येईल असा वरिष्ठ. एवढे देणे आपल्याला जड नाही. ही दया नव्हे; तिच्या श्रमांचे ते देणे आहे.