नकाशातील निळा रंग

महाराष्ट्रात तिसरीच्या मुलाच्या हाती परिसर अभ्यासाचे जे पुस्तक पडते, ते त्याच्या स्वतःच्या जिल्ह्याचे असते. ही योजना मला नेहमीच शहाणपणाची वाटत आली आहे. जग शिकण्याचा आरंभ उंबरठ्यापासून व्हावा. मात्र उंबरठ्याजवळचे सत्य दूरच्या सत्याहून अवघड असते, हे गेल्या पावसाळ्यात माझ्या ध्यानी आले.

धर्मग्रामातील काही मुले संध्याकाळी आमच्या सभागृहात अभ्यासाला बसतात. त्या दिवशी त्यांच्या बाईंनी फळ्यावर पुणे जिल्ह्याचा नकाशा काढला होता आणि मुले आपापल्या वहीत धरणांचे जलाशय निळ्या रंगाने भरीत होती : मुळशी, पानशेत, वरसगाव, खडकवासला. एका आठ वर्षांच्या मुलीने विचारले, "बाई, पाणी यायच्या आधी तिथं काय होतं?" बाई म्हणाल्या, "डोंगर, झाडं, नदी." मुलगी समाधानाने खाली बसली. मुले गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "फादर, तिथं गावं होती हे मला ठाऊक आहे. पण एवढ्याशा जिवाला ते सांगून काय साधायचं?"

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे एक मत आमच्या मनावर बिंबवले गेले होते. असत्य बोलणे कधीही समर्थनीय नाही. परंतु सत्य विवेकाने झाकून ठेवणे म्हणजे असत्य बोलणे नव्हे. आईवडील तर हे रोजच करतात. बाईंचे उत्तर यांपैकी कोणत्या बाजूला पडते? डोंगर होते, झाडे होती, नदीही होती. त्यांनी एकही खोटा शब्द उच्चारला नाही. तरीही ती मुलगी जे चित्र मनात घेऊन गेली, ते खोटे होते.

मुळशीचेच पाहा. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायला घेतले, तेव्हा पन्नासच्या आसपास मावळी गावांवर गदा आली. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी मिळाली ती याच लढ्यात. १९२४ पर्यंत लढा चालला आणि हरला. मुळेचे पाणी स्वभावतः पूर्वेला वाहणारे. पुण्यात मुठेला मिळून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाणारे. धरणात अडवलेले पाणी आता सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहाकडे उतरते आणि कुंडलिकेवाटे अरबी समुद्राला मिळते. पाण्याचा समुद्रच बदलला! भूगोलाच्या शिक्षकाला याहून रसाळ धडा कोठे मिळणार? पण त्यातून माणसे वगळली तर मागे उरते ते केवळ यंत्रविद्येचे कौतुक. राज्यभरची पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या बालभारतीची इमारत पुण्यात सेनापती बापट मार्गावरच आहे. मुले बसमधून त्या रस्त्याने जातात. हे कोणते सेनापती, त्यांचे सैन्य कोणते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

याच मार्गालगत गोखलेनगर आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. बेघर झालेल्यांसाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी ही एक. त्या पुराची कथा पुण्यात घरोघर सांगितली जाते, लहानग्यांनाही सांगितली जाते, आणि कोवळ्या मनाचे काय होईल अशी चिंता कोणी करीत नाही. कारण त्या कथेत सोसणारे आपण आहोत. मुळशीच्या आणि वरसगावच्या कथेत सोसले दुसऱ्यांनी. तेथे मात्र मुलांचे कोवळेपण आपल्याला आठवते. आपण जपतो ते मुलाला की स्वतःला? पुण्याच्या नळाला पानशेत-वरसगावचे पाणी येते. आमच्या मंदिरातील बाप्तिस्म्याच्या कुंडातही तेच असते.

बाईंच्या म्हणण्यात तथ्य नाही, असे नव्हे. लेकरांच्या माथी अपराधाचे ओझे देणे हे शिक्षण नव्हे. धरणे नकोच होती, असे म्हणणाराही मी नाही. एवढ्या मोठ्या शहराची तहान ती भागवतात. परंतु "इथे गावे होती, धरणासाठी ती उठवली गेली," एवढे वाक्य आठ वर्षांच्या मुलाला पेलते. 'मग ती माणसं कुठं गेली?' हा पुढचा प्रश्न त्याचा त्यालाच पडेल, आणि पंचाईत होईल ती मोठ्यांची.

बाईंनी पुढल्या आठवड्यात ते वाक्य सांगितले, आणि प्रत्येकाने घरी आजोबांचे गाव विचारून यावे असेही सांगितले. आमची बरीच कुटुंबे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेली. एका मुलाने आणलेले नाव मात्र कोणालाच नकाशात सापडेना. रविवारी मिस्सा संपल्यावर त्याचे आजोबा स्वतःच आले. शेवगाव तालुक्यातली त्यांची वस्ती जायकवाडीच्या जलाशयात गेली होती. घरात त्यांनी हे कधी सांगितले नव्हते. "कोनी इचारलंच न्हाई, फादर," ते म्हणाले.

नातवाने नकाशा पुढे धरला. आजोबांनी चष्मा पुसला आणि निळ्या रंगावर बोट ठेवले. "हितं," ते म्हणाले. मग बोट थोडे सरकवून, "न्हाई, जरा वर."