उतारशाळेच्या मालकाचे काम



गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील एका आजींना पहाटे अर्धांगाचा झटका आला. मुलगा पुण्याला नोकरीत, सून बाळंतपणासाठी माहेरी. शेजारच्या पोराने ऑटो आणला. पहिल्या दवाखान्याने दुसरीकडे पाठवले, दुसऱ्याने तिसरीकडे. तिन्ही ठिकाणी रक्त नव्याने तपासले गेले, कारण आधीचे कागद कोणी मागितले नाहीत आणि ते कुठे आहेत हे त्या पोराला ठाऊक नव्हते. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळविण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते तास ऑटोत आणि बाकांवर गेले. आज आजी अंथरुणावर आहेत, उजवा हात चालत नाही.

आम्ही रुग्णाभ्यंग संस्कार देण्यास गेलो, तेव्हा उशाखालची कॅरीबॅग दाखवून त्या म्हणाल्या, "फादर, माह्याजोळ कागदं सारे हायेत. वाचाले कोनी नाई." पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन पाकिटे होती. नावे निराळी, आतले औषध एकच. दोन डॉक्टरांनी दिलेली, दोन्ही रोज घेतली जात होती. आम्ही ती पाकिटे जवळच्या डॉक्टरांना दाखवून एक बंद करविले. हे काम आम्ही सहा महिने आधी करू शकलो असतो. दर पहिल्या शुक्रवारी आम्ही त्या घरी ख्रिस्तप्रसाद नेत होतो आणि ती पिशवी तिथेच होती.

घरी परतल्यावर प्रश्न मनातून जाईना. चूक कोणाची? लोक लगेच म्हणाले, मुलाची. पुण्याला जायची काय गरज होती? पण कापूस-सोयाबीनच्या दोन एकरांवर घर चालत नाही म्हणून वऱ्हाडातील किती मुले पुण्या-मुंबईला गेली, हे आपण जाणतो. तो मुलगा दर महिन्याला पैसे पाठवतो. झटका आला त्या रात्री ट्रॅव्हल्समध्ये उभा राहून आला. त्याला दोषी ठरविणे सोपे आहे, आणि तसे केले की बाकीच्यांना घरी जाऊन झोपता येते.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस वाचताना एक गोष्ट आम्हाला कोरडी वाटली होती, ती आता समजते. आईवडिलांप्रती असलेल्या कर्तव्यात तो दोन थर पाडतो. आदर हा कायमचाच. पण ते आजारी पडले तर त्यांना भेटणे, गरिबीत असले तर पोसणे, हे त्या त्या परिस्थितीतून उभे राहणारे कर्तव्य. आणि ज्या सद्गुणाखाली तो हे मांडतो, त्याच सद्गुणाखाली तो मातृभूमीचे आणि देशबांधवांचे ऋणही ठेवतो. म्हणजे घरचे कर्तव्य आणि गावाचे कर्तव्य यांच्यात आपण जी भिंत घालतो, ती त्याला मान्य नव्हती.

2007 साली आपल्या देशात आईवडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा झाला. मुले सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. कायदा चांगलाच आहे. पण तो पैसे मिळवून देईल, आजींना कुशीवर वळवायला येणार नाही.

मग सरकारने पाहावे का? 2010 च्या सुमारास ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम आला. महाराष्ट्रात सुरुवातीला निवडलेल्या मोजक्या जिल्ह्यांत आपला अमरावती होता. त्याची आखणी पाहिली तर मन भरून येते: प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वॉर्ड आणि फिजिओथेरपी, अंथरुणाला खिळलेल्यांकडे आरोग्यसेविकेची घरभेट. 2024 पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचारही आहेत. अकोल्याला 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीचे 2024 ला सुरू झाले. इर्विन आहे. मेळघाटातही सेवाभावी डॉक्टर आहेत. म्हणजे मणी पुष्कळ आहेत. आजींच्या बाबतीत नव्हता तो दोरा.

आणि इथे आम्हाला चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आठवली. या दाखल्यावर आम्ही कितीतरी प्रवचने दिली, सगळी शोमरोन्यावर. उतारशाळेच्या मालकावर एकही नाही! नीट पाहा. शोमरोनी जखमा बांधतो, जनावरावर घालून नेतो, रात्रभर जवळ राहतो. पण सकाळी त्याला पुढे जायचे आहे, कामधंदा आहे, अगदी आपल्या पुण्याच्या मुलासारखा. तो दोन नाणी देतो, जास्त खर्च झाला तर परतल्यावर देईन म्हणतो, आणि जातो. त्याच्या जाण्याला प्रभू येशू दोष देत नाही. पण तो जाऊ शकतो, कारण वाटेवर कोणीतरी दार उघडे ठेवून बसलेले आहे. ते दार नसते, तर एवढ्या दयेचे शेवटी काय झाले असते?

वऱ्हाडाला हे नवे सांगायला नको. शेंडगावला जन्मलेल्या आणि अमरावतीत समाधी असलेल्या गाडगेबाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळाच बांधल्या. शेजारच्या सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयाने गावकऱ्यांकडून वर्गणी म्हणून ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालविला. पैसा नव्हता, पायली होती. केरळात मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजारचे साधे लोक प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांकडे आठवड्याला जातात, मागे डॉक्टर-नर्स असतात, आणि 2008 मध्ये तिथल्या सरकारने हे धोरणात घेतले. आधी शेजार, मग सरकार.

कोणी म्हणेल, अशी व्यवस्था झाली की मुलांची माया आटेल. ही भीती खोटी नाही. पैसे पाठवून मोकळे होणारे आम्हीही पाहिले आहेत. देवाला अर्पण केले असे सांगून आईबापांची मदत थांबविणाऱ्यांवर प्रभूने किती कठोर शब्द वापरले! देऊळ असो, सरकार असो वा पॅरिश कमिटी, आडोसा कशाचाही करता येतो. पण मुलगा आला तेव्हा चार दिवस तो केवळ कागद शोधत, रांगेत उभा होता. आईजवळ बसायला त्याला वेळच मिळाला नाही. ते चार दिवस दुसऱ्या कोणी घेतले असते, तर त्याची माया आटली असती असे आम्हाला वाटत नाही.

म्हणून जुलैतील चौथ्या रविवारी, पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये सुरू केलेल्या आजी-आजोबा दिनी, यंदा फक्त शाल-श्रीफळ नको. मिस्सेनंतर हॉलमध्ये दोन निवृत्त परिचारिका बसतील. प्रत्येक आजी-आजोबांची एक वही होईल: आजार, गोळ्या, ॲलर्जी, मुलाचा फोन, रात्री कोणाला उठवायचे त्याचे नाव. आयुष्मान कार्ड नसेल त्यांनी आधार आणावे. मोहल्ल्यातून दोन तरुण हवेत, इर्विनची वाट आणि खिडक्या ठाऊक असलेले. मंदिराची गाडी रात्रीही मिळेल, चावी आमच्या दारामागे टांगलेली असेल. शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांतील म्हातारी माणसेही या वहीत येतील, त्यांना आवर्जून सांगा.

पहिली वही आजींची केली आहे. ती त्यांच्या उशाशी आहे, पिशवीच्या जागी. त्यांनी डाव्या हाताने अंगठा दिला आणि रात्री उठवायच्या नावाच्या ओळीत त्या ऑटोवाल्या पोराचे नाव लिहायला सांगितले. त्याला अजून विचारलेले नाही.