तांब्याभर पाण्याची उपकारस्तुती

सकाळच्या प्रार्थनेला बसताना आज समोर एक तांब्या पाणी ठेवा. बायबल थोडा वेळ मिटलेलेच असू द्या.

आपली उपकारस्तुती बहुतेक वेळा घाईत उरकते. आरोग्य दिलेस, अन्न दिलेस, रात्रभर सांभाळलेस, तुझे आभार, आमेन. यात खोटे काहीच नाही. पण इतके मोघम आभार आपण शेजाऱ्याचेही मानत नाही. त्याने आपले दळण आणून दिले, तर आपण दळणाचेच नाव काढतो. देवापाशी मात्र सगळे एका वाक्यात गुंडाळून मोकळे होतो. म्हणून आज एकच गोष्ट घेऊ आणि तिच्यापाशी निवांत थांबू.

तांब्याला हात लावा. गारवा तळहातात उतरू द्या.

हे पाणी आले कुठून? नळातून, टाकीतून, विहिरीतून. त्याच्याही मागे जा. जुन्नर-आंबेगावात राहत असाल, तर मागे जाता जाता तुम्ही सह्याद्रीपर्यंत पोहोचाल. आषाढात नाणेघाटाच्या माथ्यावर ढग अडतात, पश्चिमेकडची भातखाचरे भरून वाहतात, आणि पूर्वेला नारायणगाव-मंचरकडे येईतो पाऊस पार विरळ झालेला असतो. डोंगरावर पडलेले ते पाणी कुकडी, मीना, घोड घेऊन येतात. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव, वडज आणि डिंभे ही पाच धरणे ते धरून ठेवतात. मग पाटाने ते टोमॅटोला मिळते, कांद्याला, उसाला मिळते, आणि पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते.

हा सारा प्रवास सावकाश डोळ्यांसमोर आणा. एकेका ठिकाणाचे नाव घ्या आणि प्रत्येक नावानंतर म्हणा, प्रभू, तुझी स्तुती असो. ओठ हलू द्या, आवाज फुटू द्या. मन कोरडे असले तरी म्हणा. 103व्या स्तोत्रात दावीद स्वतःच्याच जिवाला बजावतो, की देवाने केलेले उपकार विसरू नकोस. बजावावे लागते, कारण जीव आपणहून आठवत नाही. उमाळा यायची वाट पाहत बसलो, तर अर्धे आयुष्य स्तुतीवाचून निघून जाईल.

थोडे थांबा.

आता जुन्नरच्या डोंगरांतली लेणी आठवा. ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. दान देणाऱ्यांची नावे तिथल्या दगडात आहेत, आणि त्यांत यवनही, म्हणजे मूळचे ग्रीकही, आहेत. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दिल्या, म्हणजे पाण्याची दोन टाकी. त्याच्याविषयी शिलालेख फार काही सांगत नाही. तो कोण, काय दिले, एवढेच. पण शतकानुशतके तेवढे पुरले आहे. तुमच्यापर्यंत जे जे आले, तेही कोणाच्या ना कोणाच्या हातून आले. विहीर खोदणारे, पाट सोडणारा पाटकरी, रात्री-अपरात्री खांबावर चढणारा वायरमन. तुम्हाला पहिली प्रार्थना शिकवणारी आजी. 19व्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीचे काम जुन्नरला होते. कदाचित तुमच्या घराण्यात विश्वास त्याच वाटेने आला असेल. जी माणसे आठवतील त्यांना देवासमोर एकेकट्याने उभे करा. घाई करू नका, एखादा चेहरा उशिराने येतो.

आणि मग डिंभ्याच्या पाण्याकडे वळा.

ज्या गावाने तालुक्याला नाव दिले, ते जुने आंबेगाव या धरणाच्या पाण्याखाली गेले. घरे, अंगणे, पिकती जमीन सोडून माणसे उठली, तेव्हा खालची शिवारे हिरवी झाली. पाण्यासाठी देवाचे आभार मानायचे आणि ही माणसे गाळायची, अशी प्रार्थना मला अपुरी वाटते. त्यांचेही देणे आपल्यावर आहे, हे देवासमोर मोठ्याने कबूल करा.

त्याच खोऱ्यात माळीण आहे. 30 जुलै 2014 च्या सकाळी पावसात डोंगर खचला आणि दीडशेच्या आसपास माणसे चिखलाखाली गेली. धरण भरणारा पाऊस तोच. इथे स्तुती बळेच ओठांवर आणू नका. सगळ्या परिस्थितीत उपकार मानायला पौल सांगतो, पण आपत्तीला चांगले म्हणा, असे तो सांगत नाही. बायबलातली कितीतरी स्तोत्रे सरळसरळ विलाप आहेत, आणि ती स्तोत्रसंहितेतच ठेवलेली आहेत. हबक्कूक संदेष्टा पुस्तकाच्या अखेरीस आधी काय काय गेले ते एकेक करून मोजतो: अंजीर, द्राक्षे, जैतून, शेत, मेंढवाडा, गोठा. त्यानंतरच तो देवाच्या ठायी आनंद करीन म्हणतो. टोमॅटोच्या भावात तोडणीची मजुरीही सुटली नाही, असे वर्ष तुमचे गेले असेल, तर त्या वर्षाचे नाव घ्या. अंथरुणावर कोणी असेल तर त्याचेही. देवापुढे जमेसारखी खोटही नावानिशी मांडता येते.

इथे जितके लागेल तितके गप्प राहा.

लूकच्या शुभवर्तमानातले दहा कुष्ठरोगी आता मनात आणा. दहाही बरे झाले, मोठ्याने देवाचा गौरव करत परतला तो एकच, आणि तो शोमरोनी, परका. उरलेले नऊ कुठे, असे येशूने विचारले खरे, पण त्यांचे बरेपण त्याने काढून घेतले नाही. मला हे फार मोलाचे वाटते. उपकारस्तुती ही कृपेची किंमत असती, तर आपल्यापैकी कोणाची ऐपत होती?

किंमत नाही, म्हणूनच परत येणे मोकळ्या मनाचे असते, आणि त्यातून पुढचे काही घडते. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळाच्या दिवसांत उपासमारीने गेले. 1896-97 च्या दुष्काळात याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेल्या मुलींना घेऊन आल्या. आपल्याच जिल्ह्यात, केडगावला, त्या मुलींचे मुक्ती सदन उभे राहिले. आपण वाचलो, ते कशासाठी, याचे उत्तर त्यांनी हातांनी दिले.

आता डोळे उघडा. मघाशी आठवलेल्या माणसांपैकी जे हयात आहेत, त्यातले एक निवडा. उपासना संगीतातले एखादे गीत पाठ असेल तर गात उठा, आणि आजच त्या माणसाकडे जा. पाटकरी असेल तर तो पाटावरच भेटेल. त्याने काय दिले, ते नाव घेऊन त्याला सांगा.