आधी गंज, मग रंग

जुनी फियाट घरीच नीट करायची ठरली, की घरात पहिली चर्चा रंगाची होते. माझ्या मते तो विषय वहीच्या शेवटच्या पानावर जायला हवा. पहिलं पान गंजाचं.

बीडसारख्या कोरड्या जिल्ह्यात गाड्या गंजत नाहीत, अशी एक समजूत आहे. कोकणाच्या खाऱ्या हवेशी तुलना केली तर ती काही अंशी खरीही आहे. पण गंजाला समुद्र लागत नाही, ओल आणि हवा पुरते. दारांच्या रबरातून झिरपलेलं पाणी मॅटखाली मुरतं. वरून सगळं वाळलं तरी तिथला पत्रा दमटच राहतो. मॅट उचलून तळावर पेचकसाची मूठ ठोकत जावी. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो आणि टोक दाबलं की आरपार जातं. अशा प्रत्येक जागी खडूने गोल करावा. कामाचा आराखडा त्या गोलांवरून ठरतो.

पण कापाकापीआधी ही गाडी कोणती आणि कशी बांधलेली, हे समजून घ्यावं. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकाने 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. जीपला वेगळी चासी असते, तिची बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. पद्मिनीचं तसं नाही. तळ आणि दारांखालच्या पेट्या हाच तिचा कणा. म्हणून पत्रा कापण्याआधी गाडी सपाट जागी टेकूंवर घ्यावी, दारांच्या चौकटींना आडवे आधार द्यावेत आणि एका वेळी एकच बाजू उघडावी. घाई केली तर सांगाडा वाकतो, मग दार बसत नाही. वेल्डिंग कोण करणार, हेही आधीच ठरवावं. उसाच्या ट्रॉलीचा जाड पत्रा जोडणाऱ्या हाताने हा पातळ पत्रा जळू शकतो. आधी भंगारातल्या तुकड्यावर हात पाहावा.

आधी गंज, मग रंग हा क्रम बालाघाटाच्या डोंगरातल्या गावांना नवा नाही. पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडे होतं: आधी डोंगरावरचे चर, मग खालचा बंधारा. उलटं केलं तर बंधारा गाळाने भरतो. गंजावर लांबी भरून रंग मारण्याची गतही तीच. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आतून फुगतो आणि रंगाला फोड आणतो.

गाडी रोज चालवायची की जपायची, याचाही निर्णय आधीच हवा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. पण बॉडी, चासी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा मोजक्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. मूळ 1089 सीसीचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवण्याआधी याचा विचार व्हावा.

गाडी पूर्ण झाल्यावर लोक रंगाचं कौतुक करतील, तळाकडे कुणी वाकून पाहणार नाही. तरीही सर्वांत जास्त पैसा आणि वेळ तिथेच जायला हवा. ज्याचं श्रेय मिळणार नाही ते काम आधी करण्याची तयारी असेल, तरच गाडी खोलावी. नसेल तर ती छपराखाली कोरडी ठेवावी. तेही जतनच आहे. निदान पुढच्या माणसाला जोडण्यापुरता पत्रा शिल्लक राहील.